झडप तेवढी तुमची

आपोआप तेल पुरवणाऱ्या माझ्या दिव्याचा पेटंटचा अर्ज कलकत्त्याहून परत आला. असा दिवा आधीच आहे, असं तिथल्या पेटंट कार्यालयाचं म्हणणं होतं. अपिलापूर्वी मी कुंभकोणमहून बसने पितळी दिव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाचियार्कोविलला गेलो आणि एका म्हाताऱ्या पितळकारागिरापुढे कार्यालयाने दाखला दिलेला तो जुना दिवा आणि माझा दिवा ठेवला.

त्याने डोळे मिटून दोन्ही आतून बोटांनी चाचपले, मग पेटवून विझवले. जुन्यातून तेल झिरपतच राहिलं, माझ्यातलं आतल्या झडपेमुळे थांबलं.

"साहेब, दिवा जुनाच," तो तमिळमध्ये म्हणाला. "ही झडप तेवढी तुमची. तेवढंच मागा."

मला राग आला होता. तरी तेवढंच मागितलं, आणि अपील जिंकलो.

पेटंटचा कागद त्याला दाखवायला गेलो, तेव्हा हात काळे आहेत म्हणून त्याने तो लांबूनच पाहिला आणि मनापासून हसला. कागदावर माझं एकट्याचं नाव होतं. त्याचं मी विचारलंही नव्हतं.