मी वगळलेले देश

ठाकुर्लीला राहायला असताना मी डोंबिवलीतल्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे. सोसायट्यांच्या टाक्यांचं, टँकरचं पाणी यायचं. एका टँकरवाल्याच्या नमुन्यांत मला तीनदा जंतू सापडले आणि तिन्ही वेळा छापील अहवालात ‘पिण्यास योग्य’ असं आलं. खाली सही प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांची. मला हे काम शिकवलेलं त्यांनीच.

एका वर्तमानपत्राच्या साइटवर निनावी माहिती पाठवायची सोय होती. पाठवणाऱ्याची ओळख लपवणारा ब्राउझर वापरा, असं तिथे लिहिलेलं. माजिवड्याची माझी नणंद कॉम्प्युटरमधली. तिने फोनवरून सांगत तो माझ्या लॅपटॉपवर टाकून घेतला.

“वहिनी, तुझा मजकूर तीन अनोळखी कॉम्प्युटरांवरून फिरून जाणार. कुठल्या, ते तो स्वतःच ठरवतो. तू कशाला हात लावू नकोस.”

ते ‘अनोळखी’ मला खटकलं. शोधल्यावर कळलं, सेटिंगच्या एका फाईलमध्ये कुठल्या देशातले कॉम्प्युटर घ्यायचे, कुठले टाळायचे, हे लिहिता येतं. रविवारी दुपारी बसले. बातम्यांत ज्या देशांचं वाईट ऐकलेलं, ते आधी वगळले. मग वाटलं, शेवटचा कॉम्प्युटर तरी आपल्याकडचा असावा, म्हणून भारत लिहिला. पण इथलाच कुणी ओळखीचा निघाला तर? भारतही वगळला. जर्मनी ठेवला, कारण मावसबहीण तिकडे असते. पाच मिनिटांनी त्याच कारणासाठी तोही काढला. उरलेल्या देशांची नावंही मला नीट माहीत नव्हती. भीतीने तेही वगळले. साइट उघडेना.

संध्याकाळी नणंद आली. फाईल बघून आधी खूप हसली.

“अगं, जायला एकही वाट ठेवली नाहीस!”

“मग चांगले कुठले, ते तू सांग.”

“मला नाही माहीत.”

“मग विश्वास कुणावर ठेवायचा?”

“एकट्या कुणावर ठेवायचाच नाही. पहिल्याला तू दिसतेस, पण कुठे चाललीस ते कळत नाही. शेवटच्याला ते कळतं, पण तू दिसत नाहीस. तू अशी निवडत बसलीस, तर तुझी वाट बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसेल. मग शोधणं सोपं.”

मला अर्धवटच कळलं. जपायला गेलं की माणूस जास्त उघडा पडतो, हे काही डोक्यात शिरेना. तिने माझ्या सगळ्या ओळी पुसल्या, साइट उघडून दिली आणि काय पाठवतेस असं न विचारता चहा टाकायला गेली. माझे मूळ निकाल लिहिलेल्या नोंदवहीच्या पानांचे आणि छापील अहवालांचे फोटो मी पाठवले. बटण दाबल्यावर सुटल्यासारखं वाटेल असा माझा समज होता. तसं काही वाटलं नाही.

दीड महिन्याने बातमी आली. टँकर बंद झाला. प्रयोगशाळेचे मालक जागेवरच राहिले, नोकरी गेली सरांची. मालकांनीच त्यांना सही करायला लावली असेल का, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला.

शेवटच्या दिवशी सर प्रत्येकाच्या टेबलापाशी गेले. माझ्याकडे आल्यावर म्हणाले, “आता नमुन्यांकडे कोण बघणार?”

“मी बघेन, सर.”

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे वळले. माहिती मीच पाठवली, हे त्यांना कळलेलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. कळलेलं असावं असं मला वाटतं, का नसावं असं वाटतं, तेही सांगता येत नाही.