भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी पोथी

आमच्या बाबांचा देवावर विश्वास होता की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सख्ख्या भावावर नव्हता, एवढं मात्र अख्ख्या वाडीला ठाऊक होतं.

बाबा थोरले, काका धाकटा. वाटण्या झाल्या तेव्हा सगळं रीतसर निम्मं निम्मं झालं आणि एक माड उरला. मेला वाकडा वाढलेला. बुंधा आमच्या हद्दीत, शेंडा काकाच्या अंगणावर. आता त्याचे नारळ कोणाचे? पंचांनी डोकी खाजवली, चहा प्याले नि उठून गेले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. बाबांनी घराच्या मधोमध चिऱ्याची भिंत घातली. मातीची पुरली असती, पण नाही. गवंड्याच्या डोक्यावर उभे राहून ती दुहेरी करून घेतली, थेट आढ्यापर्यंत. "हयसरली शिंकसुद्धा थय जावक नको," म्हणाले.

वाटणीत आजोबांची पोथी थोरला म्हणून बाबांकडे आली आणि पखवाज काकाकडे गेला. काका गावात असेल तेव्हा दर सोमवारी देवळात मात्र बाबाच भजन म्हणायचे आणि काकाच पखवाज वाजवायचा, कारण गावात दुसरं कोणी धड नव्हतं. समेवर दोघांच्या माना एकदम हलायच्या. बघणाऱ्याला वाटावं, काय हे बंधुप्रेम! भजन संपलं की बाबा उगाच झांजा पुसत बसायचे. घरची वाट एकच होती ना. काका पुढे गेल्याशिवाय हे निघायचे नाहीत. असला हा शहाणपणा, आणि गावात दोघांची गणना समजूतदार माणसांत.

काका गलबतावर तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. मंगळूरकडून कौलं घेऊन यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर सगळी गलबतं किनाऱ्याला लागतात, वर ओढली जातात, माडाच्या झापांनी शाकारली जातात. त्या साली सगळी आली, काकाचं आलं नाही. वादळ होऊन गेलं होतं. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, हद्द बंद होती, त्यामुळे तिकडची खबर यायची सोय नाही. बंदरावर रोज कोणीतरी नवीन सांगायचं. कोणी म्हणे डोलकाठी तरंगताना बघितली. कोणी म्हणे कारवारला आहेत, मजेत मासे खातायत. आणि काकी भिंतीपलीकडे एकटी. मूल नाही, बाळ नाही.

सोमवारी देवळात कोणीतरी दुसऱ्या पोराच्या पुढ्यात देवळातला पखवाज सरकवला, तर बाबा खेकसले, "नको. मी तसाच म्हणतंय." आणि नुसत्या झांजांवर भजन म्हटलं. लोक म्हणाले, बघा, भाऊ दर्यात आणि याचा ताठा काही जात नाही. मला बाबांचा भयंकर राग आला. बारा वर्षांची होते, पण राग यायला वय लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबांनी लाल फडक्यातली पोथी काढली. पाट मांडला तो कुठे? देवासमोर नाही. त्या दुहेरी भिंतीला अगदी चिकटून. आणि असा काही आवाज लावला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

आई चुलीपासून धावत आली. "अहो, ह्या काय? देव काय कानान भैरो नाय!"

"माका घसो मोकळो करूचो आसा," बाबा म्हणाले.

आईच्या जिवाचं पाणी झालं होतं ते वेगळ्याच कारणानं. आमच्याकडे पोथी वाचायची ती श्रावणात. एरवी संध्याकाळी घरातून पोथीचा आवाज आला, तर समजायचं की त्या घरातलं माणूस गेलं. बारावं होईपर्यंत दिवा लावून पोथी वाचतात, शेजारीपाजारी येऊन मुकाट्यानं ऐकतात आणि काही न बोलता उठून जातात.

"लोकांक वाटतला, भावजी गेले असा धरूनच बसलास," आई कुजबुजली. "काकीक काय वाटतला?"

बाबांचा चेहरा असा झाला की आई दोन पावलं मागे सरली. "तो मेलो नाय," ते म्हणाले. "मेलो नाय म्हणानच वाचतंय." आणि पुढची ओवी पहिलीपेक्षा वरच्या पट्टीत.

काकीला काय वाटलं ते सकाळी विहिरीवर कळलं. बाप्यांची भांडणं आमच्या विहिरीपर्यंत कधी पोचली नाहीत. दोघी जावा तिथे बोलत. काकीचे डोळे सुजलेले होते. घागर भरता भरता खाली मान घालून ती आईला म्हणाली, "वयनी, काल शेवट नीट आयकाक येवक नाय गो." बस्स, एवढंच. आईनं घरी येऊन भाकरी थापता थापता, कोणालाही उद्देशून नाही अशा सुरात, ते हवेत सोडून दिलं. बाबा जेवत होते. त्यांनीही ते ऐकलंच नाही. संध्याकाळी शेवटचा भाग दोनदा वाचला.

मग ते रोजचंच झालं. इकडे बाबा भिंतीला तोंड करून पोथी ओरडायचे, तिकडे काकी भिंतीला समई लावून, हात जोडून बसायची. मी चोरून बघून आले होते. भिंत घालताना एक चिरा कमी लावला असता तर केवढा त्रास वाचला असता! पण ते बाबांना कोण सांगणार? अध्याय संपला की बाबा आरती म्हणायचे आणि थांबायचे. पलीकडून घंटा वाजायची. ती ऐकली की मगच पोथी बांधायचे. देवाला पोचली की नाही त्याची चौकशी नव्हती, काकीला पोचली म्हणजे झालं. आणि खरं सांगते, त्या घंटेनं मलाही धीर यायचा. काकाला काही झालं असतं तर घंटा अशी वाजली नसती, असं माझं बालिश गणित.

हळूहळू शेजारी येऊन ओसरीवर बसायला लागले. आधी भोचकपणानं, मग सवयीनं. काकाचं नाव कोणी काढायचं नाही. बाबांचा आवाज मात्र पार गेला. घसा सुजला. आईनं ओव्याची पुरचुंडी शेकून गळ्याला बांधली, वरून कानाडोक्यावरून घोंगडं गुंडाळलं. आतून जो आवाज यायचा तो माणसाचा आहे एवढंच कळायचं. आई म्हणाली, एक दिवस राहू दे. बाबांनी पाट भिंतीकडे ओढला.

अशाच एका संध्याकाळी काका आला.

वादळात डोलकाठी मोडून गलबत गोव्याकडच्या खाडीत शिरलं होतं. तिथून ना पत्र, ना निरोप. शेवटी तो रानावनातून, हद्द चुकवत बांद्याला बाहेर पडला आणि सावंतवाडीहून एसटीनं मालवणास आला. दाढी वाढलेली, पायांना फोड. तिथून चालत चालत घराच्या बांधावर पोचला आणि बघतो तर काय? थोरल्या भावाच्या घरात दिवा. ओसरीवर माणसं खाली माना घालून बसलेली. आणि कोणी एक परका, घोंगडं पांघरलेला म्हातारा घोगऱ्या आवाजात पोथी वाचतोय. ज्येष्ठ महिन्यात.

त्यानं माणसांवरून नजर फिरवली. सगळे होते. एक दादा तेवढा नव्हता.

मी दारात होते. काका माझ्या अंगावरूनच आत धावला. इतक्या वर्षांत त्यानं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. तडक आईच्या पायांवर पडला आणि लहान मुलासारखा हंबरडा फोडला, "वयनी गो! दादा गेलो! माजो दादा गेलो!"

ओसरीवरची माणसं भूत बघितल्यासारखी उभी राहिली. ज्याच्यासाठी सगळे श्वास रोखून बसले होते, तो जमिनीवर लोळून घरात बसलेल्या माणसासाठी रडत होता. आईला हसू की रडू ते कळेना. भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं, आणि काकी मोकळ्या केसांनी, अनवाणी, आमच्या दारातून आत आली. काकाला बघितलं आणि मटकन खाली बसली.

आणि बाबा? बाबा वाचत होते! अध्याय अर्धा टाकायचा नसतो. त्यांनी एक हात वर करून काकाला गप्प बसायची खूण केली. तो हात काकानं ओळखला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. तो उठला आणि पाटासमोर मांडी घालून बसला. बाबांनी उरलेल्या ओव्या वाचल्या. अक्षर दिसत नव्हतं, कारण डोळे वाहत होते. पाठ होतं म्हणून निभावलं.

पोथी बांधून झाली. बाबांनी डोक्यावरचं घोंगडं काढलं आणि भावाकडे पाहिलं.

"मी मेलंय म्हणान धावत इलस," ते म्हणाले. "जितो असताना कित्याक इलस नाय?"

"तू खंय हाक मारलंस?" काका म्हणाला.

बाबांनी काहीतरी उत्तर दिलं, पण आवाज इतका बसला होता, की समोर बसलेल्या काकालाही ते ऐकू गेलं नाही. तो पुढे सरकला, त्यानं कान जवळ नेला. तेव्हा बाबांना ते पुन्हा सांगावं लागलं.

"मेल्या, इतके दिस मी आनि दुसरा काय करतंय?"