अक्का आणि आमचे रिस्क फॅक्टर

आमच्या फॉर्मात वय, शिक्षण, काम, गाव, सगळ्याला रकाने आहेत. किश्शांना रकाना नाही, म्हणून ते चहाच्या टेबलावर साचत जातात! कामच तसं. टाळता आले असते असे तरुण मृत्यू जिथे झाले, त्या घरी जाऊन विचारायचं, नेमकं काय झालं? टीम तिघांची: पुण्याची मी, नागपूरचा निखिल आणि या कानडी शहरातल्याच, बनशंकरी भागातल्या जुन्या मराठी घरातल्या, पन्नाशी उलटलेल्या शकुंतलाक्का.

निखिलचा पहिला दिवस, चिकपेट. दारातूनच त्यानं प्रश्न सुरू केले. अक्कांनी दटावलं, "आधी पाणी माग रे. मग माणसं बोलतात."

पाचव्या घरात तो कुजबुजला, "अक्का, आता मलाच रिस्क आहे. बाथरूम कुठंय?"

महादेवपुऱ्यात एका साइटवरून पडून एक मजूर गेला होता. बायकोनं ट्रंकेतून त्याचं हेल्मेट काढून दाखवलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, कोरं.

"खराब होईल म्हणून घालायचे नाहीत."

त्याचा धाकटा भाऊ शेजारीच उभा, तोही त्याच साइटवर कामाला. अक्कांनी ते पदरानं पुसलं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. "होऊ दे खराब!"

मग निखिलच आजारी पडला. आम्ही त्याच्या खोलीवर गेलो, तर अक्कांनी पिशवीतून आमचाच फॉर्म काढला!

"वय?"

"सव्वीस. अक्का, हे काय?"

"घरचे?"

"नागपूरला."

"खोलीत सोबत कोण?"

"कुणी नाही."

"ताप किती दिवस?"

"तीन. गोळी घेतलीय."

"डॉक्टर?"

"उद्या जातो ना!"

"सरी, ठीक. सगळं भरलं. तारीख तेवढी राहिली. काय लिहू?"

पाच मिनिटांत निखिल रिक्षात! डेंग्यू निघाला. आठवडाभर अक्कांच्या घरची गंजी, म्हणजे तांदळाची पेज, पीत होता.

आणि शहराबाहेरच्या तलावाजवळचं ते घर. सोळा वर्षांची मुलगी कपडे धुताना पाय घसरून बुडाली होती. काठावर मैत्रिणी होत्या, पण पोहता कुणालाच येत नव्हतं.

मी आईला विचारलं, "घरात कुणाला पोहता येतं?"

"मुलग्यांना येतं. आम्हा बायकांना कोण शिकवणार?" तिनं घड्याळ पाहिलं आणि उठली. "आता मी शिकतेय. धाकटीला घेऊन. चला, क्लासची वेळ झाली."

निघताना अक्कांनी त्या क्लासचा पत्ता फॉर्मच्या मागे लिहून घेतला.

पुढच्या सोमवारी ऑफिसला उशिरा आल्या. केस ओले, डोळे लाल, आणि खुर्चीच्या पाठीवर टॉवेल वाळत घालून म्हणाल्या, "निखिल, स्वल्प कॉफी आण रे. नाकात पाणी गेलंय!"