दामूशेठवरचा कोट

मी चादर उचलली, तर खाली आमचा पेशंट नव्हताच. त्याचा ट्रक-ड्रायव्हर इस्माईल पालथा पडला होता.

“यहाँ क्या कर रहे हो?”

“सिस्टर, सेठ बोला, हर पाव घंटे में करवट बदलना. अभी पेट की बारी है.”

शेठ मागच्या दाराने संडासात गेला होता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भिवंडीतल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स होते. दामूशेठ दापोड्याचा, ट्रान्सपोर्टवाला. लघवीतून रक्त आलं आणि तपासणीत मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. आमच्या डॉक्टरसरांनी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. ती परत उगवू नये म्हणून बीसीजी द्यायचं ठरलं. बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस, पण मोठ्या डोसमध्ये, नळीने थेट मूत्राशयात.

मलाही हे नवीन होतं. “सर, टीबीची लस कॅन्सरला कशी चालेल?”

“बायोलॉजिकल थेरपी म्हणतात हिला. जंतू कमजोर केलेले असतात. त्यांना बघून शरीराची स्वतःची फौज जागी होते आणि कॅन्सरवर तुटून पडते.”

फौज जागी व्हायला वेळ लागतो. म्हणून दर आठवड्याला औषध सोडलं की दोन तास लघवी धरायची, आणि कूस बदलत राहायची, म्हणजे औषध सगळीकडे लागतं. हे जमलं नाही आणि कॅन्सर पसरला, तर मूत्राशय काढून पोटावर लघवीची जन्माची पिशवी.

औषध लागलं की थोडा त्रास होतोच, पण पहिल्या खेपांना दामूशेठला जळजळ नाही, कणकण नाही. सर म्हणाले, नशीबवान आहे. मला काही पटेना, म्हणून त्या दिवशी चादर उचलली.

दामूशेठ परत आला, इस्माईलला माझ्यासमोर बसलेलं बघून दारातच थबकला.

“औषध कुठाय, दामूशेठ?”

“संडासात सोडलं. सिस्टर, ते टीबीचं जंतू हाय. माझा थोरला भाऊ टीबीनंच गेला. मी ते पोटात ठेवायचा न्हाय.”

ओठावर आलेलं हसू मी गिळलं. फार वाईट वाटलं.

“नातवाला बीसीजी टोचलंत ना? त्याला झाला टीबी?”

“न्हाय. पटतंय. पन कळ धरवत न्हाय. छताकडं बघत पडलो का दुसरं काय सुचतच न्हाय.”

यावर तोडगा इस्माईलने दिला. दापोड्याच्या ऑफिसात रोज मेंढीकोट चालायचा, आणि डाव सोडून शेठ फोनलाही उठत नसे.

सगळं कळल्यावर सरांनी कोर्स पहिल्यापासून सुरू केला. पुढच्या खेपेला मी पत्त्यांचा जोड घेऊन गेले. एका बाजूला दामूशेठ आणि इस्माईल, दुसऱ्या बाजूला मी आणि आमच्या वॉर्डातल्या आयाबाई, शांताबाई. मेंढी म्हणजे दहाचं पान. चारही मेंढ्या एका बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट, आणि कोट म्हणजे नाक कापलं जाणं.

“सिस्टर, वॉर्डात पत्ते?” सरांनी विचारलं.

“सर, नुसतं समजावून दोन तास थांबेल का तो?”

सर राऊंडला गेले.

दामूशेठ चुळबुळला की मी म्हणायची, “उठा खुशाल. कोट बसला समजा.” तो दात-ओठ खाऊन पान टाकायचा. कूस बदलायची वेळ झाली की आम्हीही खुर्च्या उचलून पलंगाच्या त्या बाजूला. उताणा झाला की त्याची पानं उशाशी बसलेल्या शांताबाईंना दिसत. हे त्याला कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कण्हत आला. “अंग तापलंय, आग होतेय. मेलो.” सरांनी त्याला तपासलं आणि इतके खूश झाले, की सगळ्यांना चहा मागवला.

कोर्सनंतर दुर्बिणीत मूत्राशय स्वच्छ दिसलं. शांताबाई आणि मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडलो.

पण हा कॅन्सर परत येऊ शकतो. तपासणीला वर्षानुवर्षं यावं लागतं, आणि बरं वाटलं की पेशंट यायचे बंद होतात. दामूशेठ एकदाही चुकला नाही. कोर्सच्या शेवटच्या डावात त्याच्यावर आमचा कोट बसला होता. तो फेडायला दर तपासणीला तो डाव मांडायचा, आणि तो कोट मी शेवटपर्यंत फिटू दिला नाही.