पाचवा दिवा

दिवे चार लावले. मेले होते पाच.

जामखेडच्या बाजूला आमचं गाव. देवळासाठी नवी विहीर खोदताना दरड कोसळली आणि पाच जण गाडले गेले. चार कुणब्यांची पोरं, आणि महारवाड्यातले माझे मालक. वर काढले तेव्हा सगळे सारखेच. नुसती माती. चार चितांची लाकडं आम्हीच वाहिली. मालकांना पुरायच्या आधी मी दोन भारे डोक्यावरून मसणवट्यात नेले. गावकीचं काम, नाही कोण म्हणणार?

तेराव्याला देवळापुढं गाव जमलं. आम्ही लांब, उकिरड्याजवळ. लढाईचे दिवस, तेल मिळत नव्हतं, तरी गावानं दिव्यांपुरतं जमवलं. बुवा कीर्तनात म्हणाले, मरण सगळ्यांना सारखंच. मला वेडीला ते खरं वाटलं. मग एकेकाचं नाव घेऊन दिवा लावला. बायका रडल्या, मीही रडले. चौथ्या दिव्यानंतर बुवांनी हात जोडले आणि प्रसाद वाटायला सांगितलं.

नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. बाईनं घ्यायचं नसतं. पण दुसरं कोणी घेईना. मी उभी राहिले आणि ओरडले, "केरबा! केरबाबी मेलाय!"

पाटील उठले. "गप बस. देवळात तुमची नावं घेत्यात व्हय? ज्याचं सुतक त्यानं पाळावं."

बुवा खाली बघत राहिले. सासूनं माझं तोंड दाबलं. "उद्या खाशील काय, बये?" आमच्यातलं कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांचाही राग आला, अजून येतो. प्रसाद लांबून टाकला. मी पदर पसरला नाही.

दोन महिन्यांनी पाटलांची आई वारली. लाकडं आणा, असं सांगायला त्यांचा गडी माझ्या दारात आला.

"ज्याचं सुतक त्यानं पाळावं," मी म्हणाले. "लाकडंबी त्यानंच वाहावी. केरबाच्या बायकूनं सांगितलंय म्हनावं."

शेजाऱ्यांनी मुकाट्यानं लाकडं नेली. चिता पेटली, माझ्यावाचून काही अडलं नाही. गावातून मिळणारी माझी भाकरी तेवढी बंद झाली. सासूनं बोलणं टाकलं. विहिरीला पाणी लागलं, ते आम्हाला शिवता येत नाही. काही बदलेल असं मला वाटत नाही.

मी मेल्यावर मला कोणी पुरेल, न पुरेल. गावातल्या कोणाच्या सरणावर माझ्या हातचं लाकूड पडणार नाही.