पाय दाखवा, पेन्शन घ्या

माझ्या थोरल्या भावाचा, आमच्या अण्णाचा, डावा पाय तो तीन वर्षांचा असताना पोलिओने वाळला. आज तो बासष्टचा आहे. एवढ्या वर्षांत तो पाय काही भरलेला नाही, हे आमच्या कन्नड मुलखातल्या या अग्रहार पेठेतला कुठलाही रिक्षावाला सांगेल. सरकारला मात्र खात्री नव्हती. नियम बदलला. जुनं कागदी प्रमाणपत्र चालणार नाही, पुन्हा तपासणी करून नवं कार्ड काढा, नाहीतर अपंग पेन्शन बंद.

त्या पेन्शनवर अण्णाचा ताठा उभा आहे. तो राहतो माझ्याकडे, लग्न केलं नाही. पण घरातली भाजी तो आणतो, माझ्या नातीचा खाऊ तो आणतो, आणि कुणी नको म्हटलं तर दोन दिवस बोलत नाही. भावाच्या घरी राहतो, पण भावाच्या जिवावर नाही, हे त्याला स्वतःला पटवायला तेवढी पेन्शन पुरते.

आम्ही पिढीजात शिंपी. वडिलांनी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाचं व्यंग कापडात जिरवायचं, तोंडातून काढायचं नाही. एक खांदा उतरता असेल तर तिथे आतून जास्तीचं पॅडिंग घालायचं आणि गप्प बसायचं. अण्णाच्या पॅन्टी मी तशाच शिवतो. डाव्या पोटरीला आतून कॅनव्हासचे दोन थर. डावा खिसा नुसता नावाचा, त्याला पिशवीच नाही. त्यातून हात थेट मांडीवर जातो आणि पाऊल टाकताना तो मांडी दाबून गुडघा सावरतो. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस खिशात हात घालून ऐटीत चाललाय.

तपासणीला जायचं ठरलं तेव्हा मी मूर्खाने त्याला नवी पॅन्ट शिवली. मोठ्या डॉक्टरांसमोर जायचं, गबाळं कसं जाणार? चार दिवस खपून शिवली. इतकी बेमालूम पॅन्ट मी जन्मात शिवली नव्हती.

सरकारी रुग्णालयात सकाळपासून रांगेत होतो. दुपारी नंबर लागला. डॉक्टरांनी अण्णाला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. सहा पावलं. पॅन्ट वर करा म्हणाले नाहीत, पायाला हात लावला नाही, जुना कागद उलगडला नाही. आकडा लिहिला तो पेन्शनला लागणाऱ्या चाळीस टक्क्यांच्या खाली. मी बोलायला तोंड उघडलं तर शिपायाने पुढचा नंबर पुकारला.

मी संतापलो होतो. डॉक्टरांचा राग होता, सहा पावलांत माणूस मोजणाऱ्या नियमाचा होता, आणि सगळ्यात जास्त माझ्या सुईचा होता. खिडकीवरच्या कारकुनाने पुन्हा अर्ज करायला सांगितलं. वर कन्नडमध्ये सल्ला दिला, "पुढच्या वेळी चड्डीवर आणा. पाय दिसला पाहिजे."

घरी अण्णा म्हणाला, "बेडा रे. मला नको ती पेन्शन. सुम्ने, उगाच कशाला तमाशा?"

"तमाशा त्यांनी केलाय. तू हक्काचं का सोडतोस?" मी ओरडलो. इतका ओरडलो की अखेर तो कबूल झाला.

तीस वर्षं मी त्याची मापं घेतोय, तीही कापडावरून. त्याचा उघडा पाय लहानपणानंतर मीसुद्धा पाहिला नव्हता. दुसऱ्या खेपेला तो लुंगी नेसून आला आणि भरल्या व्हरांड्यात त्याला ती मांडीपर्यंत वर धरून उभं राहायला लावलं, कारण आत जागा नव्हती. या वेळचे डॉक्टर वेगळे होते. सोबत चार विद्यार्थी. त्यांनी पेनाने पोटरी दाखवत इंग्रजीत समजावलं आणि चौघे वाकून बघू लागले. बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. लुंगी धरलेल्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. त्या क्षणी कुणाच्या तरी मुस्काटात मारावी असं वाटत होतं, आणि कुणाच्या ते ठरत नव्हतं.

टक्के मिळाले. महिन्याभराने कार्डही आलं. मी नीट वाचलं तर मुदत दोन वर्षांची. तसाच त्या खिडकीवर गेलो.

"दोन वर्षांनी काय?"

"पुन्हा तपासणी."

"साठ वर्षांत वाढला नाही तो पाय दोन वर्षांत वाढेल?"

"नियम आहे, सर," असं म्हणून त्याने माझ्या मागच्याचा कागद घेतला.

घरी येऊन अण्णाला सांगितलं. त्याने कार्ड उलटून पालटून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. "पुढच्या वेळी मी येणार नाही," तो म्हणाला, "बंद करू देत."

मी "बघू" म्हणालो. दोन वर्षांनी त्याला उठवून, दटावून त्या व्हरांड्यात उभं करणारा मीच असणार आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो माझ्याकडे बघत नव्हता.