पोटरीतला तडा

माझ्या ताईचे यजमान काच बसवायचं काम करतात. दुकानांच्या दर्शनी काचा, ऑफिसांमधली पार्टिशनं, जिन्याच्या कठड्याला लागणाऱ्या जाड काचा. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि मेव्हणीच्या हक्कानं जमेल तेवढं छळते. तसे ते कुत्र्याला घाबरतात, इंजेक्शनला घाबरतात, ताईला तर घाबरतातच. पण काचेला घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दाराएवढी काच दोन्ही हातांत धरून गर्दीच्या रस्त्यानं जाताना या माणसाचा चेहरा बघावा, पेपर वाचतोय असं वाटेल.

जिन्यावरून मात्र काच एकट्यानं चढवत नाहीत. भाऊजींचा जोडीदार उंच आहे, सगळे त्याला लंबूच म्हणतात. जिन्यावर उंच माणूस खालच्या बाजूला राहतो, म्हणजे काच सरळ राहते. भाऊजी वरच्या बाजूला, पाठमोरे, टाचेनं पायरी चाचपत चढायचे. इतकी वर्षं दोघं असंच काम करत आले. त्या दिवशी एका दुकानाचा जिना चढताना भाऊजींची टाच पायरीच्या कडेवरून खाली गेली आणि पोटरीत टक् असा आवाज आला.

काच कापताना आधी कटरनं रेघ ओढतात, मग खालून हलकेच ठोकतात. टक् होतं आणि काच रेघेवर सुटते. हा आवाज भाऊजी रोज ऐकतात. त्या दिवशी लंगडत, भिंत धरत घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तोच आवाज होता गं. माझ्या पायातून आला."

ताई घाबरली, आणि घाबरली की ती काहीतरी करतेच. तिनं गरम पाण्याची पिशवी घेतली, तेल घेतलं आणि कणीक तिंबावी तशी पोटरी रगडली. संध्याकाळपर्यंत पाय निळाजांभळा होऊन टम्म फुगला. डॉक्टरांनी तपासलं आणि स्नायू अर्धवट फाटलाय म्हणून सांगितलं. ऑपरेशन नको, पण सुरुवातीला शेक नाही, मालिश तर मुळीच नाही. बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा, मग फिजिओथेरपी सुरू करा. ताईनं सगळं मान खाली घालून ऐकलं आणि घरी येऊन रडली.

सूज उतरली, पण भाऊजींची भीती चढत गेली. काचेला गेलेला तडा जागेवर राहत नाही, धावतो. ऊन लागलं, धक्का बसला, खालून ट्रक गेला, एवढं पुरतं त्याला. एके दिवशी काठापर्यंत पोचतो आणि काच कोसळते. म्हणून तडकलेली काच उतरवेपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही, हा धंद्याचा नियम. भाऊजींनी तोच नियम पायाला लावला. पाय उशीवर, उशी स्टुलावर, आणि स्टुलाजवळून कुणी जोरात चालायचं नाही. दार आपटलं की दोन्ही हातांनी पोटरी धरायचे. मी आधी हसले. म्हटलं, "भाऊजी, पायावर 'नाजूक माल' अशी चिठ्ठी चिकटवू का?" ते हसले नाहीत. कपाळावर घाम होता. मग मलाही हसू येईना.

ताईला बघवत नसे, म्हणून फिजिओकडे मीच जायची त्यांच्याबरोबर. खोली छोटी होती. एक पलंग, भिंतीला लाकडी दांडा, कोपऱ्यात चढउतार करायला तीन पायऱ्यांचा जिना. फिजिओ बाई वयानं लहान, पण शब्दांची पक्की. तिनं समजावून सांगितलं. आधी सूज येते, ती शरीरानं पाठवलेली मदत असते. मग फाटलेल्या जागी नवे धागे भरले जातात, पण घाईघाईत, कसेही, आडवेतिडवे. आणि मग महिनोन् महिने ते धागे सरळ होत जातात.

"कशानं सरळ होतात?" मी विचारलं.

"ताणानं. थोडा थोडा भार पडला की धाग्यांना कळतं कुठल्या बाजूला घट्ट व्हायचं ते. भारच नाही दिला तर गुंता तसाच राहतो, आखडतो. आणि असा आखडलेला स्नायू पुन्हा फाटायला वेळ लागत नाही."

भाऊजींनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "डॉक्टर, आम्ही कधीकधी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडतो, म्हणजे तो पुढे धावत नाही. तसं काही?"

बाई हसली नाही, याचं मला बरं वाटलं. "काका, काच स्वतःला जोडत नाही. पाय जोडतोय," ती म्हणाली. तिनं तळव्याला टॉवेल अडकवून हलकेच ओढायला शिकवलं, दांडा धरून दोन्ही टाचा उचलायला शिकवलं. खेच बसली तर चालेल, कळ आली तर थांबायचं.

भाऊजी तिथे करायचे, तेही अर्धवट. घरी टॉवेल मांडीवर घेऊन नुसते बसायचे आणि ताईनं विचारलं की "झालं" म्हणायचे. खोटं कळायला वेळ लागला नाही. बाईनं दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या. दुखऱ्या पायाची पोटरी वाळून निम्म्यावर आल्यासारखी दिसत होती आणि टाच जमिनीला टेकतच नव्हती.

"असंच चाललं तर ही टाच कायमची वर राहील," बाई म्हणाली. "मग काचेचं काम विसरा."

ताईचं घर त्या कामावर चालतं. आणि भाऊजी दुसरं काय करणार? घरी येताना मी रिक्षात तोंड सोडलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो, बायकोला फसवता, लाज वाटत नाही का, वाट्टेल ते बोलले. ते रिक्षाबाहेर बघत म्हणाले, "तो टक् झाला तेव्हा लंबूची मान काचेच्या बरोबर खाली होती. मी एका पायावर काच धरून ठेवली. तो बाजूला होईपर्यंत. पाय पुन्हा गेला तर माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण काच त्याच्यावर जाईल."

हा माणूस पायाला भीत नव्हता.

मी ते लंबूला जाऊन सांगितलं. भाऊजींना न विचारता सांगितलं आणि त्याचं मला काही वाटत नाही. पुढच्या खेपेला लंबू आमच्या आधीच फिजिओच्या खोलीत येऊन वाकून उभा, दाराला डोकं लागत होतं. बरोबर प्लायवूडची फळी आणली होती.

"काच नाही रे, फळी आहे," तो म्हणाला. "पडली तर टेंगूळ येईल."

बाईला कल्पना पटली, पण तिनं घाई केली नाही. बरेच दिवस नुसते दोन्ही टाचांवर, मग दुखऱ्या एका टाचेवर, मग त्या तीन पायऱ्या रिकाम्या हातांनी. भाऊजी आता घरीही करत होते. भिंत धरून, डोळे मिटून, ओठ पांढरे करून करत होते. ताई दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची.

मग फळीचा दिवस आला. भाऊजी वर, पाठमोरे. लंबू खाली, आपल्या नेहमीच्या जागी. भाऊजी म्हणाले, "तू बाजूनं धर."

"मी खालीच राहणार."

पहिली पायरी झाली. दुसऱ्या पायरीवर भाऊजींनी दुखरा पाय ठेवला, भार टाकला, आणि खोलीत स्पष्ट आवाज आला. टक्.

कुणी हललं नाही. भाऊजींचा चेहरा कोरा झाला होता. ते पायाकडे बघत नव्हते, ऐकत होते. तडा धावायची वाट बघत होते. बाई पुढे झाली, पोटरीवर हात ठेवला, दाबून पाहिलं. "घोटा वाजला," ती म्हणाली. "कळ आली?"

भाऊजींनी मान हलवली, नाही म्हणून. पण पाय उचलेना. फळी त्यांच्या हातात कलली होती आणि तिची खालची कड लंबूच्या गळ्याशी आली होती.

लंबूनं फळीवरचे हात काढले. दोन्ही. मागे सरला नाही, तिथेच उभा राहिला, त्या कडेखाली.

"आता माझी मान तुझ्या पायावर आहे," तो म्हणाला. "चढ."

सगळा भार एकट्या भाऊजींवर आला. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, लहान मुलासारखा. मग टाच खाली टेकली, पूर्ण टेकली, आणि ते तिसऱ्या पायरीवर गेले.

आता दोघं परत काचा चढवतात. भीती गेली असं मी म्हणणार नाही, जिना दिसला की भाऊजींचा चेहरा अजून उतरतो. पण पहिल्या पायरीआधी लंबू खालून विचारतो, "टेकली का?" भाऊजी टाच जमिनीवर दाबतात, तपासतात, आणि "टेकली" म्हणाल्याशिवाय काच उचलत नाहीत.